वाचक विचारतात : उरलेला ९८ टक्के डीएनए करतो तरी काय?

मागच्या अंकात बोलता बोलता मी एक ओळ लिहून गेले : माणसाच्या डीएनएतला जेमतेम दीड टक्का भाग प्रथिनं कशी बनवायची ते सांगतो. लेख होता आनुवंशिकतेवर, पण पत्रं आली ती त्या एका ओळीवरच. त्यातली पाच इथे घेतली आहेत. भाषा थोडी आवरली आहे, आणि एका पत्रातल्या शिव्या (त्या सुताच्या भावाला होत्या, मला नाही) गाळल्या आहेत.

प्रश्न : बाई, मी जेकार्डचा मिस्त्री होतो. चादरीवर मोर काढायचा तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ लागते. त्यातला एक पुठ्ठा निघाला तर मोराची मान तुटते. आणि माणसाच्या माळेत शंभरातले अठ्ठ्याण्णव पुठ्ठे उगीच लावलेत म्हणता? देव एवढा उधळ्या आहे का?
— निवृत्त यंत्रमाग मिस्त्री, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : मिस्त्री, आधी माझ्यावरचा आळ काढून टाकते. 'उगीच' हा शब्द तुमचा. मी एवढंच लिहिलं होतं, की त्या भागात प्रथिनांची कृती नाही. पण प्रश्न खरा आहे, आणि त्यावरून मोठमोठे शास्त्रज्ञ पन्नास वर्षं भांडताहेत, तेव्हा सविस्तर सांगते.

माणसाच्या एका पेशीत आईकडून आलेली सुमारे ३१० कोटी अक्षरं असतात आणि जवळपास तेवढीच बापाकडून. ए, टी, जी, सी ही चारच अक्षरं, फिरून फिरून. त्यात प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास. बाकीचा पसारा कसला? जवळजवळ ४५ टक्के भाग उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा आणि त्यांच्या अवशेषांचा आहे. हे तुकडे स्वतःची नक्कल काढून दुसरीकडे घुसवतात. त्यातला 'अलू' नावाचा तुकडा फक्त तीनशे अक्षरांचा, पण त्याच्या दहा लाखांवर प्रती तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहेत. या ४५ टक्क्यांतलेच आठ टक्के म्हणजे जुन्या विषाणूंचे सांगाडे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ते आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि तिथेच मुरले. शिवाय इंट्रॉन, म्हणजे जनुकांच्या आतच येणारे पण प्रथिनाची कृती नसलेले तुकडे, गुणसूत्रांच्या मध्यावरचे आणि टोकांचे त्याच त्या अक्षरांचे पट्टे, बिघडून बंद पडलेली जनुकं. क जीवनसत्त्व शरीरातच बनवणारं एक जनुक आपल्यातही आहे, पण मोडक्या अवस्थेत. म्हणून आपल्याला आवळा खावा लागतो, बकरीला लागत नाही.

आता तुमच्या पुठ्ठ्यांकडे येते. पुठ्ठ्यांची माळ कुणीतरी बसून आखलेली असते. पुठ्ठ्याला पैसे पडतात, भोकं पाडायला मजुरी पडते, म्हणून मालक जादा पुठ्ठा लावू देत नाही. डीएनएची माळ कुणी आखली नाही, ती साठत गेली. आणि जादा अक्षरांचा खर्च पेशीला इतका किरकोळ पडतो, की नैसर्गिक निवड त्यांना हाकलायला फारशी धडपडत नाही.

पुरावा हवा तर आपल्या मार्केट यार्डात चला. सोलापूरच्या बाजारात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा मला हटकून हे आठवतं : कांद्यात एका पालकाकडून आलेली सुमारे १,६०० कोटी अक्षरं असतात. माणसाच्या पाचपट. आणि ज्वारीत? ७३ कोटींच्या आसपास, म्हणजे माणसाच्या पाव हिश्शालाही कमी. जास्तीचं प्रत्येक अक्षर कामाचंच असेल, तर कांद्याला माणसाच्या पाचपट आणि ज्वारीच्या वीसपट सूचना कशाला लागतात? टी. रायन ग्रेगरी नावाच्या कॅनडातल्या जीवशास्त्रज्ञाने २००७ मध्ये हाच प्रश्न मांडला आणि त्याला 'कांद्याची कसोटी' हे नाव पडलं. खुद्द कांद्याच्या प्रजातीतल्या भाऊबंदांतही हा आकडा चौपटीहून जास्त खालीवर होतो. कुणी म्हणालं की सगळा डीएनए कामाचा आहे, तर त्याला आधी कांद्याचं काय ते विचारावं.

उलट टोकाचं उदाहरणही आपल्या राज्यात फुलतं. कासच्या पठारावर निळीजांभळी 'सीतेची आसवं' पाहिलीत ना? त्याच प्रजातीतल्या युट्रिक्युलारिया गिब्बा या पाणवनस्पतीचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २०१३ मध्ये वाचला गेला. अक्षरं अवघी आठ-दहा कोटी, जनुकं मात्र माणसापेक्षा जास्त. जनुकांच्या मधला बहुतेक पसारा तिने टाकून दिला आहे, आणि तरी ती फुलते, किडेही पकडते.

या पसाऱ्याला 'जंक' हे नाव १९७२ मध्ये सुसुमु ओनो या शास्त्रज्ञाने चिकटवलं. पुष्कळ लोकांना वाटतं, की काम सापडलं नाही म्हणून त्यांनी घाईने भंगारात काढलं. तसं नव्हतं, त्यांचं एक गणित होतं. आज आपल्याला ठाऊक आहे, की जन्मणाऱ्या प्रत्येक बाळात आईबापांत नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात. प्रत्येक अक्षर मोलाचं असतं, तर प्रत्येक बाळ साठ-सत्तर जखमा घेऊन जन्मलं असतं, त्याचं बाळ आणखी तेवढ्याच, आणि माणूस कधीच संपला असता. आपण टिकलो, कारण त्यातले बहुतेक बदल अशा जागी पडतात जिथे कुणाचं काही बिघडत नाही.

२००४ मध्ये हे उंदरांवर थेट करून पाहिलं. त्यांच्या डीएनएतले जनुकं नसलेले दोन पट्टे, एक १५ लाख अक्षरांचा आणि एक ८ लाखांचा, कापून टाकले. उंदीर जन्मले, वाढले, त्यांना पिल्लं झाली.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे भंगारच की. थांबा. नाकात, हाडात, मेंदूत, सगळीकडे जनुकं तीच. कुठलं कधी चालू करायचं, हे ठरवणारे स्विच याच प्रथिनं न बनवणाऱ्या भागात असतात, कधीकधी जनुकापासून फार लांब. हातापायांची बोटं घडवण्यात 'सॉनिक हेजहॉग' नावाच्या जनुकाचा मोठा वाटा (नाव खरंच असं आहे, व्हिडिओ गेममधून घेतलेलं). त्याचा हातापायांतला स्विच सुमारे दहा लाख अक्षरं दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या इंट्रॉनमध्ये बसला आहे. त्या स्विचमधलं एखादं अक्षर बदललं, तरी मूल सहा बोटांचं होऊ शकतं. आपल्याकडे सहाव्या बोटाचा शकुन बघतात, आणि बिघाड बसलाय दहा लाख अक्षरं पलीकडे. सापात हाच स्विच मोडला आहे. २०१६ मध्ये उंदराचा स्विच काढून तिथे सापाचा बसवला, तर उंदरांचे पाय खुरटले.

आणखी एक तिढा मला फार आवडतो. माणूस, छोटा उंदीर (माउस) आणि मोठा उंदीर (रॅट) यांच्या जीनोममध्ये ४८१ तुकडे असे सापडले, की दोनशेहून जास्त अक्षरं सलग आणि तिघांत एकाही अक्षराचा फरक नाही. त्यातल्या बहुतेकांत प्रथिनाची कृती नाही. आठ-नऊ कोटी वर्षं निसर्गाने ज्याला हात लावू दिला नाही, ते जीव की प्राण असणार, नाही का? २००७ मध्ये त्यातले काही उंदरांतून काढले, तर उंदीर ठणठणीत! बरीच पंचाईत झाली. २०१८ मध्ये अशाच तुकड्यांवर पुन्हा काम झालं, उंदरांचे मेंदू बारकाईने तपासले, तेव्हा रचनेत दोष दिसले. पिंजऱ्यात आयतं खाणाऱ्या उंदराला चाललं, ते रानात चाललंच असतं असं नाही.

मग कामाचं किती? २०१२ मध्ये 'एन्कोड' प्रकल्पातल्या चारशेहून जास्त शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की ८० टक्के जीनोममध्ये काही ना काही रासायनिक हालचाल आढळते. पेपरवाल्यांनी त्याचं 'जंक डीएनए संपला' करून टाकलं. पण हालचाल म्हणजे काम नव्हे. एखाद्या जागी प्रथिन येऊन चिकटलं किंवा थोडा आरएनए (डीएनएवरून निघणारी नक्कल) निघाला, तर त्याची नोंद होते. त्याने पेशीचं काही अडतं की नाही, हे त्या नोंदीतून कळत नाही. उत्क्रांतीने बदलांपासून जपून ठेवलेला भाग मोजायला गेलं तर २०१४ चा अंदाज ८.२ टक्के आणि २०२३ मध्ये २४० सस्तन प्राण्यांची तुलना करून आलेला १०.७ टक्के. मी या दुसऱ्या आकड्यांच्या बाजूने आहे. आणि मिस्त्री, ते आकडेही दीड टक्क्याच्या कितीतरी पट आहेत. म्हणजे प्रथिनांच्या कृतीपेक्षा जास्त जपलेला मजकूर कृतीबाहेरच आहे. तरीही फार मोठा हिस्सा नुसता बसून आहे, आणि त्यात मला काही अपमान वाटत नाही.

प्रश्न : माझा चौथा महिना चालू आहे. रक्ताच्या तपासणीत थॅलेसेमिया मायनर निघालं. डीएनएच्या रिपोर्टवर 'आयव्हीएस १-५, जी चा सी' असं आहे. माझा दीर बीएस्सी झालाय. तो म्हणतो, हा बदल इंट्रॉनमध्ये आहे, तिथे नुसतं भंगार असतं, तेव्हा मिस्टरांची तपासणी करायची गरज नाही. खरं का?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र छापून येईपर्यंत थांबायचं नाही म्हणून तुम्हाला आधीच कळवलं आहे. इथे इतरांसाठी लिहिते. दीर चुकताहेत, आणि ही चूक महागात पडणारी आहे. मिस्टरांचं रक्त ताबडतोब तपासून घ्यायचं. एचबीए-टू या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचं प्रमाण बघणारी तपासणी साधी आहे, सोलापुरात होते.

इंट्रॉन म्हणजे काय, ते १९७७ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं, आणि १९९३ चं नोबेल दोघांना मिळालं. जनुकाची कृती सलग नसते. पेशी आधी सगळ्याची आरएनए प्रत काढते, मग मधले इंट्रॉन कापून उरलेली टोकं जोडते. कुठे कापायचं याची खूण इंट्रॉनच्या कडेच्या अक्षरांतच असते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्याचा पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, आणि त्यातलं पाचवं अक्षर जी च्या जागी सी झालं की कापण्याची खूण पुसट होते. पेशी भलतीकडे कापते, बहुतेक प्रती वाया जातात आणि बीटा साखळी फार कमी बनते. भारतात बीटा थॅलेसेमियाला कारण होणारा सगळ्यात जास्त आढळणारा बदल हाच आहे. प्रथिनाच्या कृतीतलं एक अक्षरसुद्धा त्यात बदललेलं नाही.

तुमची दुसरी प्रत चांगली आहे, म्हणून तुम्हाला फारसा त्रास नाही; यालाच मायनर म्हणतात. मिस्टरही मायनर निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे आयुष्यभर रक्त चढवावं लागणारा थॅलेसेमिया, होण्याची शक्यता चारात एक. गर्भाची तपासणी अकरा-बारा आठवड्यांपासून करता येते; तुमचे ते आठवडे उलटले असले तरी गर्भजलातून तपासायची सोय आहे. पण प्रत्येक आठवडा मोलाचा. त्यांच्या बीटा साखळीच्या जनुकात कुठलाच दोष नसेल, तर मेजरची भीती नाही. पुढचं बोलणं डॉक्टरांशी करा, मी शिकवणारी बाई आहे, डॉक्टर नाही.

दिराला एक सांगा. थॅलेसेमियावर जनुक कापून करायचा पहिला उपचार, कॅसगेव्ही, ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला. गर्भातल्या हिमोग्लोबिनला बीटा साखळी लागत नाही; जन्मानंतर ते बंद करणारं एक जनुक असतं, बीसीएल-११-ए. या उपचारात कापतात ते त्याची कृती नव्हे, त्याच्या इंट्रॉनमधला स्विच. तो स्विच फक्त तांबड्या रक्तपेशी बनवणाऱ्या पेशींत चालतो, म्हणून तेवढाच तोडला की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं आणि इतर अवयवांत त्या जनुकाचं काम चालू राहतं. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, तेव्हा तूर्त आपल्यासाठी रक्ताची साधी तपासणीच खरी.

प्रश्न : मॅडम, मी बारावीला आहे, नीटची तयारी करते. माकडांना शेपूट असते, आपल्याला नाही. आपलं शेपटीचं जनुक हरवलं का? आमच्या सरांनी 'वापरली नाही म्हणून गेली' असं सांगितलं.
— विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : सरांशी भांडू नकोस, पण 'वापरली नाही म्हणून गेली' हे लामार्क या जुन्या शास्त्रज्ञाचं म्हणणं झालं. नीटच्या पेपरात ते लिहिलंस, तर उणे गुण मिळतील.

जनुक हरवलेलं नाही. टीबीएक्सटी नावाचं जनुक सस्तन प्राण्यांत शेपूट घडवायला लागतं, आणि ते तुझ्यातही शाबूत आहे. फरक फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात दाखवला गेला. माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन, म्हणजे आपल्या बिनशेपटी कुळातल्या सगळ्यांत, या जनुकाच्या एका इंट्रॉनमध्ये एक अलू तुकडा येऊन बसला आहे. शेपटीवाल्या माकडांत तो नाही. तो शिरला सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी. शेजारी आधीपासून उलट्या दिशेचा एक अलू होताच. आरएनए प्रत निघाली की हे दोन तुकडे एकमेकांना चिकटतात, मधला भाग वळसा घालून बाहेर राहतो, आणि जोडणी करताना सहावा एक्सॉन (इंट्रॉन कापल्यावर उरणारा जनुकाचा तुकडा) वगळला जातो. प्रथिन बनतं, पण काही प्रतींत अपुरं. उंदरांत तशी अपुरी प्रत बनेल असा बदल केला, तर काहींची शेपूट आखूड झाली, काहींना आलीच नाही.

काही उंदरांत मज्जारज्जूची नळी नीट बंद झाली नाही. माणसाच्या बाळांत दिसणाऱ्या स्पायना बिफिडासारखा हा दोष. शेपूट गेल्याची किंमत आपण अजून मोजत असू, असं त्या संशोधकांनी सुचवलं आहे. शेपूट गेल्याने आपल्या पूर्वजांना फायदा झाला का, यावर मतं आहेत, पुरावा कमी आहे. दोन पायांवर चालण्याशी त्याचा संबंध लगेच जोडू नकोस. गिबनही बिनशेपटीचा आहे आणि तो झाडावरच राहतो.

विषाणूंचे सांगाडे वर मिस्त्रींना सांगितले, त्यातलं एक उदाहरण तुझ्या वहीसाठी. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनाचं एक जनुक आपल्यात शिल्लक राहिलं. आज तेच सिन्सिटिन नावाने वारेच्या पेशी एकमेकींत मिसळवतं. तू आईच्या पोटात नऊ महिने पोसली गेलीस, त्यात त्या विषाणूचाही हात आहे.

प्रश्न : होटगी रोडवर 'सुप्त डीएनए जागृती' शिबिर आहे. ९८ टक्के झोपलेला डीएनए ध्यान आणि मंत्राने जागा करून देणार, म्हणतात. सौ. जायचं म्हणतेय. फी बरीच आहे. पाठवू का?
— एक त्रस्त पती, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : ध्यानाने मन शांत होत असेल तर घरी बसून करा, फुकट आहे. झोपलेला डीएनए मात्र झोपलेलाच बरा. उड्या मारणाऱ्या तुकड्यांत एल-वन नावाचा एक आहे. त्याच्या पाच लाखांवर प्रती आपल्यात आहेत, त्यातल्या बहुतेक मोडक्या, पण शंभरेक अजून उडी मारू शकतात. पेशी त्यांच्यावर मिथाइल नावाच्या रसायनाचे शिक्के मारून त्यांना गप्प ठेवते. ते सुटले तर काय होतं, ते १९८८ मध्ये दिसलं : हिमोफिलिया झालेल्या दोन मुलांत एल-वन थेट रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर-आठच्या जनुकात जाऊन घुसला होता. दोघांच्या आईवडिलांत त्या जागी तो नव्हता. अनेक कर्करोगांच्या पेशींतही हे तुकडे सुटलेले आढळतात. शिबिरवाल्यांना त्यांचं काम खरोखरच जमत असतं, तर मी पोलिसांत गेले असते.

प्रश्न : एका वारसाहक्काच्या दाव्यात डीएनए चाचणीची मागणी आहे. अशिलाला भीती आहे, की चाचणीत त्याचे आजार उघडे पडतील. तसं होतं का? आणि दोन सख्ख्या भावांचा अहवाल सारखाच येईल का?
— एक वकील, सोलापूर

उत्तर : वकीलसाहेब, नेहमीच्या चाचणीत आजार वाचले जात नाहीत. तिथे बघतात ते प्रथिनं न बनवणाऱ्या भागातले लहान पट्टे. चार अक्षरांचा एक तुकडा, उदाहरणार्थ जीएटीए, एकामागोमाग किती वेळा येतो एवढंच मोजतात. कुणात नऊ वेळा, कुणात चौदा. ही संख्या पिढ्यांमागून पिढ्या सहज बदलत राहते, कारण बदलली तरी शरीराचं काही अडत नाही. माणसं ओळखायला म्हणूनच ती उपयोगी पडते. अमेरिकेच्या यादीत २०१७ पासून असे वीस पट्टे आहेत. अहवालात आकड्यांच्या जोड्या आणि लिंग एवढंच येतं. अशिलाला तो कागद एकदा दाखवा. त्यांनी मागावी अशी हमी निराळी : नमुना याच कामासाठी वापरला जाईल, दुसऱ्या कशासाठी नाही.

डीएनए ठसे १९८४ मध्ये इंग्लंडातल्या लेस्टर इथे अॅलेक जेफ्रीज यांनी शोधले. भारतात ही पद्धत उभी केली ती लालजी सिंग यांनी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत. त्यांनी वापरलेला शोधक तुकडा मूळचा पट्टेरी मण्यारीच्या डीएनएतून आला होता, आणि त्यातही हीच जीएटीएची रांग होती.

सख्ख्या भावांत प्रत्येक पट्ट्यावर आईची एक आणि बापाची एक प्रत येते, पण दोन प्रतींतली कुठली, ते प्रत्येकाच्या वेळी वेगळं ठरतं. त्यामुळे अहवाल मिळताजुळता येईल, तंतोतंत नाही. एकाच फलित अंड्यातून झालेले एकसारखे जुळे असतील तर मात्र या चाचणीने त्यांना वेगळं करता येत नाही. आणि बाप हयात नसेल तर नुसत्या दोन भावांच्या अहवालावर दावा टेकवू नका. आईचाही नमुना घ्यायला सांगा, म्हणजे बापाकडून काय आलं ते वेगळं काढता येतं.